'७२ सीझन्स' भारी की जुनी मेटॅलिका? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन हेवी मेटल बँड मेटॅलिकाचा अकरावा स्टुडिओ अल्बम '७२ सीझन्स' १४ एप्रिल २०२३ ला आला. तेव्हापासून चार मेटलवेडे एकत्र आले की तेच प्रश्न निघतात आणि दुसऱ्या मिनिटाला आवाज चढतात. दर वेळी नव्याने भांडण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावं म्हणून हा उद्योग. उत्तरांत माहिती आहे आणि माझी मतंही आहेत. दोन्ही चाळून वेगळी करायच्या फंदात पडलेलो नाही, ते काम वाचणाऱ्याचं.

'७२ सीझन्स' या नावाचा अर्थ काय?

वर्षाचे चार ऋतू, अशी अठरा वर्षं, म्हणजे बहात्तर ऋतू. माणूस कायद्याने सज्ञान होईपर्यंतचा काळ. बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्डची कल्पना साधारण अशी: या अठरा वर्षांत आईवडील, शाळा, देवधर्म आपल्यावर जे काही बिंबवतात, त्याच्याशी झटापट करण्यात पुढचं सगळं आयुष्य जातं. हेटफिल्डचं घर ख्रिश्चन सायन्स पंथाचं, औषधोपचार न मानणारं. आई कर्करोगाने गेली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. हे ठाऊक असेल तर गाण्यांतला अंधार उसना वाटत नाही.

यात एक गंमत आहे. अल्बमशी भांडणारे आपण बहुतेक सगळे मेटॅलिका पहिल्यांदा ऐकली ती याच बहात्तर ऋतूंच्या आत.

वाद नेमका कशावर आहे?

एका गटाचं म्हणणं, १९९१ नंतरचा हा सर्वांत चांगला अल्बम. दुसऱ्याचं म्हणणं, जुन्या रिफ्सना, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्यांना, नवा रंग मारून आणलाय, शिळ्या कढीला ऊत. तिसऱ्या गटाला अल्बम आवडलाय, पण पूर्ण एका बैठकीत कधीच ऐकून झालेला नाही. मी तिसऱ्यात मोडतो, आणि माझ्या मते खरा मुद्दा याच गटाच्या हाती आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

'जुनी मेटॅलिका' म्हणजे नक्की कोणती?

हा प्रश्न आधी सोडवला तर अर्धी भांडणं होणारच नाहीत. 'जुनी' आणि 'नवी' यांच्यातली रेघ प्रत्येक जण वेगळ्या जागी मारतो आणि समोरच्यानेही तिथेच मारलीय असं गृहीत धरून तावातावाने बोलत सुटतो.

१९८३ च्या 'किल 'एम ऑल'वर वाढलेल्यांना १९८४ मध्येच धक्का बसला होता. 'राइड द लाइटनिंग'मध्ये 'फेड टू ब्लॅक' हे संथ, अकूस्टिक गिटारवर सुरू होणारं गाणं निघालं आणि लगेच 'विकले गेले' अशी ओरड झाली. आज त्याच गाण्यावर मैफिलीत अख्खं स्टेडियम डोळे पुसतं. १९८९ मध्ये 'वन'चा व्हिडिओ आला. व्हिडिओ बनवणार नाही म्हणून मिरवणाऱ्या बँडने तो बनवला, म्हणून पुन्हा तीच ओरड. १९९१ मध्ये काळ्या मुखपृष्ठाचा, 'ब्लॅक अल्बम' म्हणून ओळखला जाणारा 'मेटॅलिका' आला. गाणी आखूड, वेग कमी, निर्माता बॉब रॉक. अनेकांसाठी बँड तिथेच मेला. आणि एकट्या अमेरिकेत ज्याच्या १ कोटी ६० लाखांहून जास्त प्रती खपल्या, त्या अल्बममुळे बँडच्या प्रेमात पडलेल्यांसाठी तो १९९६ मध्ये मेला, 'लोड'च्या वेळी केस कापले तेव्हा.

म्हणजे 'जुनी मेटॅलिका हवी' ही मागणी चाळीस वर्षं चालू आहे, फक्त मागणाऱ्याच्या वयाप्रमाणे त्यातलं साल बदलतं. म्हणून वाद घालायचा तर आधी साल सांगा, मग बोला.

'मास्टर ऑफ पपेट्स'शी तुलना करणं बरोबर आहे का?

बरोबर आहे. कलाकाराने स्वतःच उंच करून ठेवलेल्या मापाने त्याला मोजू नये, हे मला पटत नाही. चार जणांनी १९८६ मध्ये 'मास्टर'मध्ये जे केलं ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतलं. त्या संग्रहात गेलेला तो पहिला मेटल अल्बम. अशा माणसांकडून अपेक्षा ठेवायच्या नाहीत तर कुणाकडून?

पण मोजताना काय मोजतोय ते बघावं. 'मास्टर' आला तेव्हा हेटफिल्ड आणि ड्रमवादक लार्स उलरिच बावीस वर्षांचे होते. घरदार नाही, मुलंबाळं नाहीत, दिवसरात्र एकत्र. सलग तालमी, सलग दौरे, आणि पावणेचार वर्षांत पहिल्या गाण्यांच्या डेमोपासून या अल्बमपर्यंतची उडी. '७२ सीझन्स'च्या वेळी तीच माणसं एकोणसाठची. सुरुवातीचं काम तर लॉकडाउनमध्ये आपापल्या घरून, पडद्यावर एकमेकांची तोंडं बघत झालं. त्या वयातली घाई या वयात मागणं चूक. त्या वयातली शिस्त मागणं मात्र चूक नाही. 'मास्टर'मध्ये आठ गाणी आहेत आणि त्यातलं एकही काढता येत नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे.

क्लिफ बर्टन असता तर?

क्लिफ हा बँडचा तेव्हाचा बेस गिटारवादक. २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि चोविसाव्या वर्षी तो गेला. सुरावटींची, हार्मनीची जाण बँडमध्ये त्याने आणली, हे बाकीचे तिघे आजही सांगतात. यापलीकडचं सगळं 'असता तर' म्हणजे आत्याबाईला मिशा असत्या तर. त्याला प्रत्येक नव्या अल्बमच्या विरोधात साक्षीदार म्हणून उभं करणं मला बरं वाटत नाही.

अल्बम फार लांब आहे का?

आहे. आणि '७२ सीझन्स'चा खरा दोष मला हाच वाटतो. आवाज नाही, वय नाही, वेगही नाही.

थोडा हिशोब मांडू. 'राइड द लाइटनिंग' सुमारे ४७ मिनिटांचा, 'मास्टर' ५५ मिनिटांचा. तेव्हा अल्बम विनाइलच्या तबकडीवर मावेल असाच करावा लागायचा. एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटं संगीत नीट बसतं. त्याहून जास्त कोंबलं की खाचा अरुंद होतात, खर्जातला आवाज पातळ होतो, एकूण आवाज खाली येतो. म्हणजे बँडची इच्छा असो वा नसो, तबकडीच कात्री लावायची. एखादा रिफ बरा असला तरी चालायचं नाही, जागाच नव्हती, तो दुसऱ्या बऱ्या रिफला हरवूनच आत यायचा.

सीडी आली आणि कात्री गेली. १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' ६५ मिनिटांवर गेला. 'लोड'ने तर सीडीची क्षमताच गाठली: ७८ मिनिटं ५९ सेकंद. त्यातलं शेवटचं 'दि आउटलॉ टॉर्न' सीडीवर मावेना म्हणून जवळपास मिनिटभर छाटावं लागलं. पूर्ण रूप नंतर एका सिंगलसोबत काढलं. त्यानंतरचा प्रत्येक स्वतंत्र स्टुडिओ अल्बम ७४ ते ७७ मिनिटांच्या घरात आहे. २०१६ चा 'हार्डवायर्ड... टू सेल्फ-डिस्ट्रक्ट' तर ७७ मिनिटांचा असून दोन सीडींवर आला. एका सीडीत मावला असता! दोन सीडी हातात पडल्यावर निदान मध्ये उठून चहा घेता येतो, एवढाच काय तो फायदा.

'७२ सीझन्स'ही ७७ मिनिटांचा, गाणी बारा. बहुतेक गाणी मध्यम वेगाची, साडेपाच ते सात मिनिटांची, एकाच तापमानाची. संथ गाणं एकही नाही, वाद्यसंगीताचा तुकडा नाही. जुन्या अल्बममध्ये तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला श्वास घ्यायला जागा असायची, वादळाच्या मध्ये थोडी शांतता. इथे ती नाही. मग आठव्या-नवव्या गाण्याशी कान बधिर होतो आणि चांगला रिफही चांगला वाटेनासा होतो. गाणी वाईट नाहीत, ती एकमेकांच्या पायावर उभी आहेत.

मग तुम्ही कुठली गाणी ठेवली असती?

माझी यादी: '७२ सीझन्स', 'शॅडोज फॉलो', 'स्क्रीमिंग सुइसाइड', 'यू मस्ट बर्न!', 'लक्स इटर्ना', 'रूम ऑफ मिरर्स', 'इनामोराटा'. सात गाणी, ४६ मिनिटांच्या आसपास, म्हणजे 'राइड द लाइटनिंग'एवढंच. या क्रमाने एकदा ऐकून बघा आणि मग सांगा हा अल्बम कंटाळवाणा आहे का. 'इफ डार्कनेस हॅड अ सन' बाहेर ठेवताना जीव कासावीस होतो, पण कात्री म्हटली की तिला जीव नसतो.

'क्राउन ऑफ बार्ब्ड वायर'चे चाहते मला शिव्या घालतात. घालोत.

'इनामोराटा' एवढं मोठं का? तुम्ही तर लांबीवर टीका करताय.

११ मिनिटं १० सेकंद. त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओ अल्बममधलं सर्वांत लांब मूळ गाणं. आणि माझ्या लेखी अल्बममधलं सर्वोत्तम. लांब असणं आणि लांबवलेलं असणं यांत फरक आहे. 'इनामोराटा'च्या मध्यावर सगळा गोंगाट ओसरतो, बेस गिटार एकटी चालू लागते, वर हेटफिल्ड जवळजवळ पुटपुटतो. मग हळूहळू गिटारी एकेक करून परत येतात. इथे जी मोकळी जागा मिळते तीच बाकीच्या अल्बममध्ये हवी होती. शेवटच्या गाण्यात ती देऊन काय उपयोग, तोवर निम्मे लोक उठून गेलेले असतात.

वेग कमी झालाय का?

'लक्स इटर्ना' ऐका. साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, आणि १९८० च्या आसपासच्या ब्रिटिश मेटलला उघड उघड सलाम आहे, ज्या संगीताच्या वेडापायी उलरिचने कॅलिफोर्नियात जाहिरात दिली आणि त्याला हेटफिल्ड भेटला. २८ नोव्हेंबर २०२२ ला, अल्बमची कसलीही कुणकुण नसताना ते अचानक आलं. लोकांना वाटलं सगळा अल्बम असाच धावणार आहे. तिथे अपेक्षांची गडबड झाली.

हेटफिल्डच्या उजव्या हाताचा प्रश्न विचाराल तर तो हात अजून घड्याळासारखा चालतो. पिक फक्त वरून खाली मारत, परतीचा फटका न वापरता त्या गतीने रिफ वाजवणं याला मनगट लागतं. साठीच्या उंबरठ्यावर ते तसं वाजवणारे किती आहेत ते मोजा.

हेटफिल्डचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, खरं ना?

नाहीच राहिला, आणि तो १९९१ च्या सुमारासच बदलला होता. 'ब्लॅक अल्बम'च्या काळात एक जुनं गाणं ध्वनिमुद्रित करताना त्याचा घसा बसला आणि त्याला रीतसर गायन शिकवणाऱ्याकडे जावं लागलं. १९८३ चा तो किंचाळणारा पोरगा तिथे संपला आणि गाणारा माणूस सुरू झाला.

'७२ सीझन्स'मध्ये तो फार उंच पट्टीत जायच्या भानगडीत पडत नाही. जिथे आवाज भक्कम आहे तिथेच राहतो. शब्दही बदललेत. पूर्वी तो युद्ध, फाशी, न्यायालय यांच्याबद्दल लिहायचा, म्हणजे राग बाहेरच्या जगावर. आता राग आतल्या माणसावर आहे. २००१ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये तो व्यसनमुक्ती उपचारांसाठी गेला. दुसऱ्या वेळी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा रद्द करावा लागला. 'स्क्रीमिंग सुइसाइड' हे आत्महत्येच्या विचाराबद्दल मोकळेपणाने बोलावं म्हणून लिहिलेलं गाणं आहे. काही जणांना हे सगळं मानसोपचाराच्या वहीतलं वाटतं. एकेका ओळीत मलाही वाटतं. पण साठीचा कोट्यधीश माणूस विशीच्या पोराचा राग आणून दाखवू लागला असता तर तो जास्त खोटा वाटला असता.

गिटारवादक कर्क हॅमेटचे सोलो (एकट्या गिटारचे तुकडे) घाईत उरकल्यासारखे का वाटतात?

त्याने मुलाखतींत मोकळेपणाने सांगितलंय की हल्ली सोलो आधी बांधून ठेवण्यापेक्षा ऐनवेळी सुचेल ते वाजवायला त्याला आवडतं. जाझमध्ये हे शोभून दिसतं. मेटलचा श्रोता मात्र सोलो पाठ करतो, हवेत बोटं नाचवत वाजवतो. १९८६ चे सोलो लोकांना गुणगुणता येतात, कारण ते गाण्यातली स्वतंत्र गाणी होती. '७२ सीझन्स'मधले बरेचसे वा-वा पेडलच्या (गिटारचा आवाज वाकवणाऱ्या पायाखालच्या यंत्राच्या) धुरात विरून जातात. 'इनामोराटा'मधला टिकतो.

मात्र एक गोष्ट त्याच्या बाजूने. 'हार्डवायर्ड'च्या आधी त्याचा फोन हरवला, त्यात सुमारे अडीचशे रिफ्स होते आणि दुसरीकडे कुठेही साठवलेले नव्हते. त्या अल्बममध्ये गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं एकदाही नाव नाही. '७२ सीझन्स'मध्ये त्याचं नाव परत आलंय. बँडमध्ये चार माणसं आहेत हे ऐकू येतं.

लार्सला ड्रम वाजवता येतात का?

हा प्रश्न १९८१ पासून विचारला जातोय. पुढचा प्रश्न.

बेस ऐकू येतो का?

येतो, आणि छान येतो. रॉबर्ट ट्रुहियो २००३ मध्ये बँडमध्ये आला. इथे त्याला लेखनात वाटा मिळालाय, मागून गायलाही आहे. 'स्लीपवॉक माय लाइफ अवे'ची सुरुवात ऐका, ती त्याचीच आहे.

हा प्रश्न मेटॅलिकाच्या चाहत्यांना इतका का छळतो, ते नव्या माणसाला कळत नाही. कारण १९८८ चा 'जस्टिस'. बर्टननंतर आलेल्या जेसन न्यूस्टेडचा तो पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात त्याचा बेस जवळजवळ ऐकूच येत नाही. मिक्सिंग करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने पुढे सांगितलं की बेस खाली आणायला उलरिचनेच लावलं. २०१८ मध्ये नव्याने रिमास्टर केलेली आवृत्ती निघाली तेव्हा लोक आशेने वाट बघत होते. बँडने बेस तसाच ठेवला. जे घडलं ते घडलं, इतिहासाला रंगसफेदी नको, अशी त्यामागची भूमिका. चाहत्यांनी घरीच बेस वाढवून आपापल्या आवृत्त्या केल्या. त्यातल्या काही खरोखर ऐकण्यासारख्या आहेत.

ध्वनी कसा आहे? 'डेथ मॅग्नेटिक'सारखा कान फाडतो का?

नाही. २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' मास्टरिंगमध्ये, म्हणजे अल्बम निघण्याआधीच्या शेवटच्या ध्वनिसंस्कारात, इतका जोरात केला होता की ड्रमच्या ठोक्यांवर आवाज फाटतो. संगीतातलं मोठं-छोटं दाबून सगळंच मोठं केलं की पहिल्या मिनिटाला भारी वाटतं आणि वीस मिनिटांत डोकं दुखतं. तेच संगीत 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी वेगळ्या फायलींतून दिलं होतं, त्यात एवढा दाब नव्हता. लोकांनी दोन्हींचे आलेख शेजारी ठेवले आणि पितळ उघडं पडलं. नव्याने मिक्स करून द्या म्हणून दहा हजारांवर लोकांनी सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्यानेही सांगून टाकलं की त्याच्याकडे येतानाच ते तसं आलं होतं.

'७२ सीझन्स'चा निर्माता ग्रेग फिडेलमन, 'हार्डवायर्ड'चाही तोच. आवाज स्वच्छ आहे, गिटारी रुंद, ड्रम कोरडे. जोरात आहेच, पण फाटत नाही. हवं तर थोडं जास्तच स्वच्छ म्हणा. कोपनहेगनच्या स्टुडिओत फ्लेमिंग रासमुसेनबरोबर केलेल्या दोन अल्बममध्ये खोलीची थंडी ऐकू येते. इथे खोली ऐकू येत नाही.

'सेंट अँगर'पेक्षा तरी बरा आहे ना?

२००३ च्या त्या अल्बममधला स्नेअर ड्रम पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. ड्रमच्या खालच्या तारा सैल सोडलेल्या आणि कुणी त्या लावायला गेलं नाही. गिटार सोलो एकही नाही. बेस वाजवायला निर्माता बॉब रॉक, कारण न्यूस्टेड सोडून गेला होता आणि नवा माणूस ठरला नव्हता. बँड मोडायच्या टोकाला होता आणि तसाच तो ऐकू येतो.

आता कुणाला पटो न पटो: मला 'सेंट अँगर'बद्दल '७२ सीझन्स'पेक्षा जास्त कुतूहल वाटतं. ऐकतो मात्र '७२ सीझन्स'च. कुतूहल वाटणं वेगळं आणि रोज ऐकावंसं वाटणं वेगळं.

आज नावं ठेवलेला अल्बम पुढे आवडू लागतो, असं खरंच होतं का?

'लोड'चं तेच झालं. १९९६ मध्ये आखूड केस, डोळ्यांत काजळ, ब्लूजकडे झुकलेली गाणी, सगळ्याचा राग आला होता. आता नव्या पिढीतले ऐकणारे, ज्यांना त्या केसांशी देणंघेणं नाही, 'ब्लीडिंग मी' आणि 'दि आउटलॉ टॉर्न' यांना बँडच्या उत्तम गाण्यांत धरतात. २०२५ मध्ये 'लोड'चा रिमास्टर केलेला मोठा संच निघाला. १९९७ च्या 'रीलोड'मधलं 'फ्युएल' मैफिलींचं कायमचं गाणं झालं.

पण प्रत्येक अल्बमला ही पुण्याई लाभत नाही. रॉक गायक लू रीडबरोबरचा २०११ चा 'लुलू' अजून बहुतेकांच्या पचनी पडलेला नाही. त्याची बाजू घेणारे थोडे आहेत आणि ते फार हट्टी आहेत.

ग्रॅमी मिळालं म्हणजे चांगलाच असणार?

शीर्षकगीताला फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोत्तम मेटल सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. पण ग्रॅमीवर विसंबून मेटलचं मोजमाप करायला जाणाऱ्याने १९८९ आठवावं. हार्ड रॉक आणि मेटलसाठीचा पहिलावहिला पुरस्कार, 'जस्टिस'वाली मेटॅलिका स्पर्धेत, आणि पुरस्कार मिळाला बासरीवाल्या जेथ्रो टल या रॉक बँडला. तीन वर्षांनी मेटॅलिका जिंकली तेव्हा यंदा अल्बम न काढल्याबद्दल उलरिचने व्यासपीठावरून जेथ्रो टलचे आभार मानले.

खपाचं म्हणाल तर '७२ सीझन्स' अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसरा आला. 'ब्लॅक अल्बम'पासून सलग सहा स्टुडिओ अल्बम पहिल्या क्रमांकावर उतरले होते, ती माळ इथे तुटली. ब्रिटनमध्ये तो पहिला होता. यावरून गाण्यांबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

मैफिलीत नवी गाणी ऐकायला कोण जातं?

२७ एप्रिल २०२३ ला ॲमस्टरडॅमपासून सुरू झालेल्या 'एम ७२' दौऱ्यात बँडने एक धाडस केलं. बहुतेक शहरांत दोन रात्री, आणि दोन रात्रींत एकही गाणं दुसऱ्यांदा नाही. रंगमंच वर्तुळाकार, स्टेडियमच्या मधोमध, आणि त्याच्या पोटातही प्रेक्षक. अशा हिशोबात नव्या गाण्यांना जागा मिळतेच. 'शॅडोज फॉलो' आणि 'लक्स इटर्ना' तिथे खऱ्या अर्थाने उघडली. हेडफोनमध्ये जो रिफ एकसुरी वाटतो तोच साठ हजार लोकांच्या मानेत गेला की वेगळा होतो. हो, आणि नवं गाणं लागलं की पाणी आणायला उठणारेही असतातच, ते १९८४ मध्येही असतील.

वय झालेल्या इतर बँड्सचं काय?

रोलिंग स्टोन्सनी २०२३ मध्ये अठरा वर्षांनी स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम काढला, आणि तो आटोपशीर ठेवला. आयर्न मेडनचा २०२१ चा 'सेन्जुत्सू' ८२ मिनिटांचा, म्हणजे कात्रीची तक्रार तिथेही तीच. ज्युडास प्रीस्टचा २०२४ चा 'इन्व्हिन्सिबल शील्ड' ऐकून मात्र मी गप्प बसलो. सत्तरी ओलांडलेला गायक इतकं वर चढतो, तर 'वय झालं' ही सबब कुणीच सांगू नये.

आधी काहीच ऐकलेलं नाही, तर सुरुवात कुठून करू?

'मास्टर ऑफ पपेट्स'ने करू नका. सगळे तेच सांगतात, आणि मग पुढचं सगळं उताराला लागल्यासारखं वाटतं. 'राइड द लाइटनिंग' घ्या, मग 'ब्लॅक अल्बम', मग वर दिलेली '७२ सीझन्स'ची सात गाणी. तीन वेगळी वयं ऐकू येतील. 'मास्टर' त्यानंतर.

शेवटचा प्रश्न: तुमचा क्रम काय?

हा विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही. 'मास्टर', 'राइड', 'जस्टिस' (चाहत्यांनी बेस वाढवलेला), 'ब्लॅक अल्बम', 'किल 'एम ऑल', मग 'लोड'. सातव्या जागेसाठी 'डेथ मॅग्नेटिक' आणि '७२ सीझन्स' भांडतायत. गाणी पहिल्याची सरस, कान दुसऱ्याचं ऐकतात. माझी कात्री लावलेली आवृत्ती मोजायची परवानगी असेल तर '७२ सीझन्स' सरळ पाचवा. ती परवानगी मला अजून कुणी दिलेली नाही.